एका माणसाच्या दोन फायली

डॉक्टरांनी माझी फाईल हाताने परत केली नाही. पेनाच्या टोपणाने ढकलली. ती टेबलाच्या कडेपर्यंत आली, थांबली आणि तोल जाऊन खाली पडली. कागद पसरले. मी खुर्चीवरून उठले, फरशीवर बसले आणि कागद गोळा करू लागले. मला नोकरीतून निवृत्त होऊन एक वर्ष झालं होतं.

"आधी दारू सोडवून आणा," डॉक्टर वरून म्हणाले. "मग वेडाचं बघू. दारुड्याच्या डोक्यात मी औषधं ओतत नाही."

तो दारुडा शेजारच्या खुर्चीवर बसला होता. माझा मुलगा. मिलिंद. वय बत्तीस, इंजिनिअर. दोन्ही तळवे गुडघ्यांमध्ये दाबून बसला होता आणि सगळं ऐकत होता. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. त्याच्याबद्दल बोलत होते.

डॉक्टरांनी केसपेपरवरचं आडनाव वाचलं. मग खिडकीजवळ उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरकडे वळले आणि इंग्रजीत, हलक्या आवाजात म्हणाले, "टिपिकल. विथ धिस कम्युनिटी, ड्रिंकिंग इज अ वे ऑफ लाइफ." शिकाऊ डॉक्टरने मान हलवली. काहीतरी लिहून घेतलं.

मी फरशीवर होते. मला शब्द न् शब्द कळला. कॅम्पातल्या मिशनरी शाळेत मी अकरा वर्षं इंग्रजीत शिकले. सरकारी कार्यालयात साहेबांची इंग्रजी पत्रं चौतीस वर्षं मी दुरुस्त केली. मला त्याच क्षणी, त्याच भाषेत उत्तर देता आलं असतं. आणि मी दिलंही. कागदांच्या कडा जुळवल्या, उभी राहिले आणि म्हणाले, "थँक यू, डॉक्टर."

उच्चार चांगला होता. ते क्षणभर दचकले. मग त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

मैत्री, समीर, ते थँक यू अजून माझ्या घशात आहे. तुमच्या आजीला शाळेत जे शिकवलं ते तिने तिथे वापरलं. थोबाडीत खाल्ली आणि आभार मानले.

मैत्री, गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, इथल्या डॉक्टरांनी फॉर्म दिलाय. फॅमिली हिस्टरी. आई म्हणते नन, म्हणजे काहीच नाही, असं लिही. लिहू?" मी म्हटलं, कळवते. म्हणून हे कळवते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण मला जे ऐकवलं ते मराठीत ऐकवलं. इंग्रजी त्यांनी फक्त लपवायचं होतं तेवढ्यापुरती वापरली. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

तुम्हाला सांगितलेलं आहे की तुमचे बाबा दारू पीत. ते खरं आहे. अर्धं.

आधी दारूचं सांगते. माझे वडील खडकीच्या कारखान्यात फिटर होते. ते पीत. दीक्षा घेतली त्या दिवशी सोडली आणि मरेपर्यंत थेंब घेतला नाही. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात चौकटीत लावलेल्या असत. त्यातली एक, मी दारू पिणार नाही, ही मी वाचायला शिकले तेव्हा त्यांनी बोट ठेवून वाचून घेतली. आमच्या घरात दारू ही नुसती वाईट सवय नव्हती. जिथून बाहेर आलो तिथे परत जाणं होतं. वे ऑफ लाइफ म्हणे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एकतीस डिसेंबरला गच्चीवर कोण काय घेतं, ते भंगारवाल्याला विचारा. त्याला कोणी वे ऑफ लाइफ म्हणत नाही. त्याला पार्टी म्हणतात.

आता दुसरं अर्धं.

मिलिंद हिंजवडीला एका कंपनीत होता. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम. पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या कितीतरी पट. तुमचा दोघांचाही जन्म झालेला होता, समीर तर रांगत होता. तेव्हा मिलिंदला ऐकू यायला लागलं. सुरुवातीला तो नुसता मागे वळून बघायचा. मग एक दिवस जेवताना त्याने पान बाजूला सारलं आणि मला विचारलं, "आई, तुला यादी ऐकू येते का?"

"कसली यादी?"

"हजेरीची. माझा नंबर आला की हसतात."

इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या दिवशी त्यांच्या वर्गात यादी वाचली होती, प्रत्येक नावामागे प्रवर्ग लावून. तो घरी येऊन तेव्हा काहीच बोलला नव्हता. बारा वर्षांनी तीच यादी त्याच्या कानात कोणीतरी वाचायला लागलं. दिवसभर. डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं. हे नाव मी तुमच्यासाठी स्पष्ट लिहिते आहे. आपल्या घरात ते आजवर कोणी स्पष्ट लिहिलेलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी व्हायचा, थांबायचा नाही. मग त्याला एक सापडलं. "दोन ग्लास झाले की यादी लांबून ऐकू येते, आई. शेजारच्या वर्गातून आल्यासारखी." तो मजेसाठी पीत नव्हता. मित्रांत बसून पीत नव्हता. गाणं फार मोठ्याने लागलं की माणूस खिडकी लावतो, तसा तो पीत होता.

मी काय केलं? मी व्यवस्थित माणूस. मी दोन फायली केल्या.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण सगळी चूक यात आहे. मी आस्थापना शाखेत होते. बदल्या, रजा, चौकश्या. आमच्याकडे पहिला नियम होता: एक विषय, एक फाईल. विषय वेगळा निघाला की कागद वेगळे काढायचे, नवीन फाईल उघडायची, पानांना नव्याने नंबर द्यायचे. मी नव्या मुलींना हेच शिकवत असे. तर मिलिंदचा आजार, हिरवी फाईल. त्यात औषधांच्या चिठ्ठ्या आणि माझी रोजची नोंद: गोळी घेतली, नाही घेतली, आज यादी ऐकली. मिलिंदची दारू, तांबडी फाईल. त्यात कुठे बाटली सापडली, किती प्यायला, कधी पडला. रविवारी विहारात बायका विचारायच्या, "मिलिंद कसा आहे?" त्यांना मी हिरव्या फाईलीतलं सांगायचे, तेही पातळ करून. टेन्शन आहे, झोप नाही. तांबडी फाईल कपाटात साड्यांखाली. तुमच्या आईच्या माहेरच्यांना उलट. त्यांना दारू चालली, नवऱ्यांच्या दारूची त्यांना सवय होती. वेड चाललं नसतं.

माझ्या मुलाचे मी दोन विषय केले. कोणी सांगितलं नव्हतं. मला ते नीटनेटकं वाटलं.

डॉक्टरांनी फाईल खाली पाडली त्या दिवशी बाहेर त्या हॉस्पिटलच्या समाजसेविका भेटल्या. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, धायरीला व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथं टाका. फक्त आजाराचं बोलू नका, ते मेंटल पेशंट घेत नाहीत. आणि इथं परत आलात की दारूचं बोलू नका."

शनिवार पेठेतल्या त्या हॉस्पिटलच्या दारावर पाटी होती: "मद्यपान करून येणाऱ्यांनी आपला व आमचा वेळ घेऊ नये." धायरीच्या केंद्राच्या फॉर्मवर छापलेलं होतं: "मानसिक आजार असल्यास प्रवेश नाही." एकाने या दारातून हाकलायचं, दुसऱ्याने त्या. मधल्या रस्त्यावर माणूस. आणि त्याचं बखोट धरून मी.

केंद्र त्या गावच्या एका जमीनदाराचं होतं. सगळे त्यांना सर म्हणत. स्वतः आधी पीत, मग सोडली, मग स्वतःच्या जागेत दोन मजले बांधले. त्यांनी माझ्यासमोर फॉर्म ठेवला. सातव्या ओळीत प्रश्न होता. रुग्णास मानसिक आजार आहे काय? समोर दोन चौकोन. होय. नाही.

माझं अक्षर चांगलं आहे. कार्यालयात सगळे म्हणत. त्या चांगल्या अक्षरात मी "नाही"च्या चौकोनात खूण केली, आणि खूण पुरेशी वाटेना म्हणून पुढे शब्दातही लिहिलं. नाही.

मिलिंद बघत होता. तो म्हणाला, "आई, आहे ना."

मी म्हटलं, "गप्प बस."

मुलांनो, हे वाक्य मी वगळू शकले असते. वगळत नाही.

सर म्हणाले, "मावशी, एक ध्येनात ठेवा. हितं कसलीच गोळी चालत न्हाय. गोळी म्हंजे कोरडी दारू. ती घेतली की ही येतीच."

मी मान डोलावली. मला वाटलं, व्यवस्थित माणूस यातून वाट काढू शकतो. दर रविवारी घरच्यांनी कोरडा खाऊ आणून द्यायची परवानगी होती. मी चिवडा केला. डब्याच्या तळाशी कागद घातला, त्याखाली सात पुड्या. प्रत्येक पुडीत रात्रीची गोळी, जुन्या चिठ्ठीवर आणलेली. आणि प्रत्येक पुडीवर वार लिहिला. सोमवार. मंगळवार. चुकू नये म्हणून. लपवायची वस्तू आणि तिच्यावर लेबल. दुसऱ्या कोणी केलं नसतं. मी केलं.

पुढच्या रविवारी घरच्यांची सभा होती. पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या. एका बाजूला पेशंट, एका बाजूला बायका, आया, एखाददुसरा बाप. सरांनी माझ्या सात पुड्या ताटात ठेवून फिरवल्या. प्रसादासारख्या.

"सोमवार, मंगळवार," सर वाचत होते. "टाइमटेबल हाय बघा. मावशी शिकलेल्या हायत. उभ्या ऱ्हावा, मावशी."

मी उभी राहिले.

"सांगा सगळ्यांना. मी माझ्या पोराला नशा पुरवते."

मी म्हटलं, "ती नशा नाही. ते—" आणि थांबले. पुढचा शब्द उच्चारला असता तर मिलिंद त्याच दिवशी रस्त्यावर आला असता. मीच "नाही" लिहिलं होतं. माझंच अक्षर माझ्या तोंडावर बसलं होतं.

"सांगा की. का इंग्रजीत सांगायचंय?"

काहीजण हसले. हसू फार मोठं नव्हतं, पण मिलिंदने कानांवर हात ठेवले. त्याने ते हसू ओळखलं. माझा नंबर आला होता.

मी म्हटलं, "मी माझ्या मुलाला नशा पुरवते."

"मोठ्यानं."

मी मोठ्याने म्हटलं.

गोळ्या बंद झाल्या. त्यानंतर एकोणीस दिवसांनी सकाळी केंद्रातून फोन आला. "घेऊन जा तुमचा पेशंट. हा मेंटल हाय."

रिक्षाने गेले. त्याला सामानाच्या खोलीत ठेवलं होतं. सतरंज्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. दोन्ही मनगटं चादरीच्या पट्ट्यांनी खिडकीच्या गजाला बांधलेली. चार दिवस त्याने अन्न घेतलं नव्हतं, अन्नात विष आहे म्हणून. ओठ फाटले होते. तो एकसारखा "हजर" म्हणत होता. हजर. हजर. तुमचे बाबा. कॉम्प्युटरला दिवसभर हुकूम सोडणारा माणूस गजाला बांधलेला आणि कोणीतरी घेत असलेल्या हजेरीला उत्तर देत होता.

मी सरांना म्हटलं, "बांधलंत त्याला?"

"मग काय करू? तुम्ही फॉर्मवर खोटं लिवलं. बघा, तुमचंच अक्षर हाय का न्हाय?" त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला.

माझंच होतं.

गाठी मी सोडल्या. चादर ओली होती, गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली. मला खूप राग आला होता आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता. तो क्रूर होता आणि खरं बोलत होता.

तिथून थेट शनिवार पेठ. रिक्षात मिलिंद माझ्या खांद्याला घट्ट चिकटून बसला होता. हॉस्पिटलात डॉक्टरांची ओपीडी चालू होती. आत गेल्यावर त्यांनी मिलिंदकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुठून आणलंत?"

"व्यसनमुक्ती केंद्रातून. महिन्याभरात दारू नाही. पण गोळ्या—"

"म्हणजे तो त्यांचा पेशंट. त्यांनी टाकला की आम्ही उचलायचा? अहो बाई, ही धर्मशाळा नव्हे."

"तुम्ही म्हणालात आधी दारू सोडवून आणा. आणलं."

"तीन महिने कोरडा राहू दे. मग या. बाहेर बसा आता, रांग आहे."

मी बाहेर बसले. लाकडी बाक. मिलिंद माझ्या शेजारी, हजर, हजर. समोरच्या बाकावरची बाई पदर सावरून दूर सरकली. माझ्या पिशवीत दोन्ही फायली होत्या. कोणती कुठे दाखवायची हे ठरलेलं असल्यामुळे मी नेहमी दोन्ही जवळ ठेवायचे, वेगवेगळ्या कप्प्यांत.

मला आजही माहीत नाही मी हे का केलं. कदाचित हातांना काहीतरी काम हवं होतं. मी हिरवी फाईल काढली, टॅग सोडला. तांबडी काढली, टॅग सोडला. दोन्ही गठ्ठे मांडीवर ठेवले आणि कागद तारखेप्रमाणे लावू लागले. एक हिरव्यातला, एक तांबड्यातला, तीन हिरव्यातले, एक तांबड्यातला.

चौतीस वर्षं चौकशीचे कागद वाचलेत मी. कागद क्रमाने लागले की ते बोलायला लागतात. त्या बाकावर ते बोलायला लागले. आधी हिरवा कागद: आज यादी मोठ्याने. मग तांबडा: बाटली, बाथरूमच्या माळ्यावर. मग हिरवा: गोळी चुकली. मग हिरवा: यादी फार मोठ्याने. मग तांबडा: दोन बाटल्या. परत परत तेच. दोन विषय नव्हतेच. एकच गोष्ट चालली होती, आणि तिचं एक पान मी एका कप्प्यात ठेवत होते, दुसरं दुसऱ्या.

आणि मध्ये एक कागद. याच डॉक्टरांची चिठ्ठी. "मद्यपान चालू असल्याने औषध बंद. मद्यमुक्तीनंतर भेटावे." खाली सही. त्याच्यानंतरच्या दहा दिवसांत सलग पाच तांबडे कागद.

मी वाचत बसले होते आणि माझ्या कानशिलांतून गरम वाफ जात होती. माझ्या घरात प्रतिज्ञांची चौकट होती, आणि एक पाटी इथे, एक फॉर्म तिथे. तिघांनी मिळून माझ्याकडून एका पोराचे दोन तुकडे करून घेतले. सरांनी बांधलं, डॉक्टरांनी ढकललं. पण सुरी माझ्याकडे होती. मी ती स्वच्छ ठेवली होती, धार लावून.

पेन काढला. पहिल्या पानापासून नंबर टाकले, एक ते एकशे बारा. सगळे कागद एका टॅगमध्ये ओवले. तांबडं कव्हर बाकाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग मिलिंदचा हात धरला आणि रांग मोडून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली.

"बाई, तुम्हाला बाहेर—"

मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. पान सत्तेचाळीसवर उघडून. त्यांच्याच सहीवर.

"ही तुमची चिठ्ठी. पुढची पाच पानं वाचा."

"तुम्ही मला शिकवताय?"

"वाचायला सांगते आहे."

त्यांनी वाचलं नाही, पण नजर गेली. नजर गेली की सहीवर अडकतेच, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "हा एक माणूस आहे. त्याला आजार आहे आणि तो दारू पितो. दोन्ही. आज दाखल करून घ्या. नाहीतर का घेत नाही ते या फाईलच्या पुढच्या पानावर लिहा आणि सही करा. तारीख, वेळ घाला."

"असं लिहून देत नसतात."

"मग दाखल करा."

"धमकी देताय?"

"नाही. शेरा मागते आहे."

ते खुर्चीत मागे रेलले. "कुठल्या खात्यात होतात आपण?" पहिल्यांदाच आपण.

"आस्थापना. चौकश्या."

"दिसतंय." शिकाऊ डॉक्टर खाली बघत होता. आज त्याने काही लिहून घेतलं नाही. "बसा तरी."

"बसणार नाही. सही झाली की जाते."

माझ्या मागे दार उघडं होतं आणि रांगेतली माणसं ऐकत होती. मिलिंद मध्येच मोठ्याने म्हणाला, "हजर." डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "काय रे, कोण घेतंय हजेरी?" मिलिंदने त्यांच्याकडे बोट केलं.

डॉक्टरांनी पेन उचललं. दाखल करायचा कागद लिहिला. लिहिताना म्हणाले, "वॉर्डात बाटली सापडली तर जबाबदारी तुमची."

"तेही लिहा," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं नाही. कागद माझ्या हातात दिला. हातात. मी तो घेतला, वाचला, फाईलला लावला. पान एकशे तेरा.

थँक यू म्हटलं नाही.

यापुढे तो बरा झाला, असं मी लिहिलं तर ते परत "नाही"च्या चौकोनात खूण करण्यासारखं होईल. वॉर्डात त्याच्या खाटेच्या पाटीवर नुसतं "मद्यपी" लिहिलं होतं. दुसरा शब्द त्यांच्याकडून लिहून घ्यायला मला दोन दिवस लागले. गोळ्या लागू पडल्या. घरी आला. नोकरी गेली होती. तुमच्या आईला कंपनीने परदेशी पाठवलं आणि ती तुम्हाला घेऊन गेली, आणि त्याबद्दल मी तिला दोष दिलेला नाही, देत नाही. तिला आम्ही सगळ्यांनी अर्धंच सांगितलं होतं. अर्ध्या माहितीवर बाई काय ठरवणार? त्यानंतर मिलिंद तीन वेळा परत प्यायला. तिन्ही वेळा पुणे शहरातल्या निरनिराळ्या टेबलांवर निरनिराळ्या माणसांनी मला सांगितलं की हे आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे. तिन्ही वेळा मी उभी राहिले आणि शेरा मागितला. तीनपैकी दोन वेळा दाखल केलं. एकदा केलं नाही, आणि शेराही दिला नाही. त्या वेळी तो महिनाभर घरात दार लावून ओरडत होता आणि मी खालच्या मजल्यावरच्यांच्या शिव्या ऐकत होते. हे जिंकणं नाही.

पण दोन ठिकाणी मी परत गेले.

धायरीच्या केंद्रात रविवारच्या सभेत गेले. सर म्हणाले, "मावशी, तुमचा पेशंट न्हाय आता हितं." मी म्हटलं, माझं एक वाक्य राहिलंय इथे. कोणी सांगितलं नव्हतं तरी उभी राहिले.

"मागे मी इथे सांगितलं की मी मुलाला नशा पुरवते. ते खोटं होतं. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. ते त्याचं औषध होतं. आणि मी फॉर्मवर नाही लिहिलं, तेही खोटं होतं. दोन्ही मी दुरुस्त करते."

"झालं? बसा आता."

"अजून एक. तुमच्या फॉर्मवर तो प्रश्न आहे म्हणून लोक खोटं लिहितात. आणि मग तुम्ही त्यांना गजाला बांधता."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. मागून एक बाई, नारळ विकणारी होती, हे मला नंतर कळलं, बसूनच म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं बी मी न्हायच लिवलंय." सर तिच्यावर खेकसले. ती उठली नाही, पण वाक्य मागेही घेतलं नाही.

दुसरं ठिकाण विहार. वंदना झाल्यावर मी सांगितलं. माझा मुलगा दारू पितो. माझा मुलगा आजारी आहे. मी प्रतिज्ञा मोडलेली नाही, त्यानेही हौसेने मोडलेली नाही, पण मी तीन वर्षं तुमच्याशी खोटं बोलले, आणि खोटं न बोलणं हीही एक प्रतिज्ञाच आहे. दोन बायकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. एक घरी आली आणि तिच्या भावाचे कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "हे जरा लावून देता का?"

आता दर मंगळवारी मी त्याच हॉस्पिटलच्या बाकावर बसते. पंच मशीन आणि टॅगांचं बंडल घेऊन. ज्यांच्याकडे दोन पिशव्या असतात ती माणसं मला लांबून ओळखू येतात. त्यांचे कागद तारखेने लावून एका टॅगमध्ये ओवते आणि सांगते, आत जा, उभे राहा, लेखी मागा. रखवालदार मला दोनदा उठवून गेला. मी त्यालाही म्हटलं, लेखी आणा. पाटी अजून आहे. ते डॉक्टर गेले, दुसरे आले. पाटी तीच.

मिलिंद आत्ता पलीकडच्या खोलीत बसला आहे. पन्नाशी उलटली. हे लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. "गप्प बस" वाक्याशी तो थांबला. म्हणाला, "ते ठेव."

मैत्री, आता तुझा फॉर्म. तुझी आई तुला वाचवण्यासाठी नन लिही म्हणते आहे. मीही वाचवण्यासाठीच लिहिलं होतं, सुंदर अक्षरात. त्या एका शब्दाने तुझ्या बापाची मनगटं बांधली. ती मी दातांनी सोडवली आहेत. माझ्या दातांना ती चव अजून आहे.

मानसिक आजार. होय लिही.

दारू. होय लिही.

समोरचा माणूस विचारेल, दोन्ही? एकालाच? कोणाला?

सांग, माझ्या वडिलांना. नाव लिही. पूर्ण, आडनावासकट.